पुढल्या ओहोटीला!

आमच्या आईचे बालपण अलिबागेस मावशीकडे गेले. समोर समुद्रात कुलाबा किल्ला. त्यातल्या गणपतीचे दर्शन घडावे, एवढीच तिची त्या वयातली हौस. मावशी म्हणे, "पुढल्या ओहोटीला नेईन हो!" यथाकाळ लग्न झाले, डोंबिवलीत बिऱ्हाड झाले आणि ते वाक्य म्हणण्याचे काम आमच्याकडे आले. ते आम्ही चाळीस वर्षे चोख बजावले! आई शहात्तर वर्षांची झाली, जिना चढताना गुडघे धरू लागली, तेव्हा मात्र मनात चर्र झाले.

गेल्या माघात तिनेच कॅलेंडर पाहून सांगितले, "शनिवारी त्रयोदशी. तिथीची पाऊणपट, म्हणजे पावणेदहाला भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी. निघायचे का?"

निघालो. दिव्याहून पनवेल, पुढे एस. टी. साडेतीनला किनाऱ्यावर हजर! पाणी ओसरले होते. तरणी माणसे धोतर-पातळ, नव्हे, पँट-सलवार सावरीत पायी चालली होती. आईसाठी घोडागाडी ठरवली. इंग्लंडात डेव्हनच्या किनाऱ्यावरील बर्ग बेटाला भरतीच्या वेळी उंच चाकांचा ट्रॅक्टर माणसे नेतो म्हणतात. आमच्याकडे तेच काम घोडा करतो, पण ओहोटीला! ओल्या वाळूत चाक रुतले की आई दांडा घट्ट धरी आणि सुनेला म्हणे, "तू घाबरू नकोस हं!"

हा किल्ला शिवाजीमहाराजांनी १६८० साली बांधावयास घेतला. त्याच वर्षी महाराज गेले. काम संभाजीराजांनी पुरे केले. तटाचे प्रचंड दगड चुन्याने सांधलेले नाहीत. फटींतून पाणी खेळते आणि लाटेचा जोर मोडतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांवर इथे चालून आले आणि हात हलवीत परतले. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले गणेशमंदिर आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याची पुष्करणी!

आईने हात जोडले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मावशीला सांगायला हवे होते रे." आम्ही मान वळवून तटाकडे पाहू लागलो. तेवढ्यात गाडीवाला हाका मारू लागला. भरती कोणासाठी थांबत नाही.

परतताना आई म्हणाली, "महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले आणि तिथल्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली ना? मग दुर्गाडी तर आपल्या दारातच. तिकडे कधी नेतोस?"

"नेऊ की, पुढल्या..."

वाचकहो, आम्ही जीभ चावली आणि म्हणालो, "उद्या सकाळी!"