जुन्या गोळ्यांची पन्नी उकिरड्यावर, अन् उकिरडा बांधीत

कोंढा (ता. पवनी) : कोंढा-कोसरा भागात दिवाळीची झाडझूड निघाली की कोनाड्यातून औषधांची पन्नी निघतेच. तापाच्या अर्ध्या राहिलेल्या गोळ्या, लेकराच्या खोकल्याची चिकट बाटली, रोवणीत कंबर धरली तेव्हा आणलेला दुखण्याचा पत्ता. तारीख पाहिली तर मुदत कधीच सरलेली. मग ही पन्नी बहुतेक वेळा उकिरड्यावर जाते, नाहीतर चुलीत.

पण खेड्यात उकिरडा हा कचऱ्याचा शेवट नसतो. उन्हाळ्यात तेच खत बांधीत पडते. तालुक्यातले नाले शेवटी वैनगंगेलाच मिळतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे या नदीत येतं म्हणून जिल्ह्यात वर्षानुवर्षं ओरड आहे, अन् ती रास्तच आहे. गावच्या नाल्यातून काय जातं, हे मात्र कोणी विचारत नाही. चुलीत टाकूनही भागत नाही. दवाखान्याचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात १,०५० अंशांच्या आसपास उष्णता ठेवावी लागते. चुलीत गोळी नुसती धुमसते, पत्त्याचं प्लास्टिक वितळते आणि धूर सैपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

सगळ्यात मोठा धोका मात्र घरातच आहे. गरोदर बायांना सरकार लोहाच्या १८० गोळ्या फुकट देते आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. मळमळते म्हणून कित्येक जणी त्या अर्ध्यावर सोडतात. लाल, गोड वेष्टणाची ही गोळी लहान लेकराला चॉकलेटच वाटते. एकदम जास्त खाल्ली तर लेकराच्या जिवावर बेतू शकते. असं झालं तर उलटी काढत बसू नये, मीठ-पाणी पाजू नये. गोळीचा पत्ता सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा, नाहीतर १०८ ला फोन करावा.

उरलेली गोळी फेकवत नाही, ही दुसरी भानगड. माणसाची दुखण्याची गोळी बैलालाही चालते, असा समज गावोगावी आहे. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये सरकारला माणसांचं इंजेक्शनही एका वेळेपुरतं, ३ मिलीचं करावं लागलं. शेजारच्या गडचिरोलीत उरल्यासुरल्या गिधाडांसाठी वनविभागानं 'उपाहारगृह' काढलं, ते उगाच नाही.

आता नियमाचं पाहू. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं 'घरगुती घातक कचरा' म्हणून मोजली गेली, कीटकनाशकाच्या डब्यांच्या रांगेत. पण ते नियम लिहिले शहरांसाठी आणि शहरासारख्या गावांसाठी. मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं मार्गदर्शक सूचना काढल्या. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, डायझेपाम अशी १७ औषधं घरात पडून राहण्यापेक्षा संडासात टाकून पाणी सोडा, बाकीची टाकू नका, असं त्यात आहे. ही १७ नशेची किंवा एका गोळीनंही घात करू शकणारी आहेत, म्हणून सल्ला चूक नाही. पण इथल्या संडासाखाली गटार नाही, शोषखड्डा आहे, अन् बोअर त्याच आवारात. त्यामुळे अशी गोळी आधी डॉक्टरकडे परत देऊन पाहावी. कोणी घेतच नसेल, तर मग संडास.

बाकीच्या औषधांसाठी राज्याचं औषध खातं आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून ती परत घेण्याची ठिकाणं उभी करावीत, असं त्याच सूचना सांगतात. म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन आणि मेडिकलवाले. केरळनं फेब्रुवारी २०२५ मध्ये हे करून दाखवलं. कोझिकोड शहरासोबत उल्लियेरी ही ग्रामपंचायतही त्यात घेतली. हरित कर्म सेनेच्या बाया घरोघरून औषधं गोळा करतात आणि तो माल एर्नाकुलमच्या भट्टीत जातो.

इथंही अर्धी वाट तयार आहे. सरकारी दवाखान्यातली मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे जावीत, असा नियम २०१६ पासून आहेच. तुटलेला आहे तो घर ते दवाखाना एवढा तुकडा. तोही आशाताईंच्या माथी मारला तर तो अन्याय होईल, त्यांच्याकडे कामं कमी नाहीत. मेडिकलमध्ये किंवा ग्रामपंचायतीत कुलपाची एक पेटी पुरते.

तोवर जुनी औषधं झाकणाच्या डब्यात, लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशी उंच ठेवावीत. पातळ औषध बाटलीतच राहू द्यावं, मोरीत ओतू नये. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बुच लावून ठेवाव्यात. पत्ता देताना तो कापून द्यावा, म्हणजे पुन्हा विकला जाणार नाही. आरोग्य केंद्रात गेल्यावर डबा सोबत न्यावा आणि घेता का, असं विचारावं.

ग्रामसभेत पेटीचा ठराव सहज होईल. पण भरलेली पेटी कोण उचलणार, किती दिवसांनी आणि खर्च कोणाचा, हे त्याच ठरावात लिहून घ्यावं लागेल. नाहीतर ती पेटीही एक दिवस उकिरड्यावरच रिकामी होईल.