विरजण पारखून घ्यावे

दही लावायचे तर विरजण कुणाच्या घरचे, कधीचे, हे पाहिल्याशिवाय जाणती गृहिणी ते दुधात घालत नाही. मग बत्तीस आठवडेही पुरे न होता जन्मलेल्या, किलो-दीड किलोच्या बाळाच्या पोटात जिवाणू सोडायचे, तर केवढी पारख हवी!

या बाळांना आईच्या कुशीऐवजी काचेची पेटी मिळते. प्रतिजैविके द्यावी लागतात, दूध उशिरा सुरू होते. उपकारक जिवाणूंची वस्ती होण्याआधीच कोवळ्या आतड्यात उपद्रवी जंतू ठाण मांडतात. त्यातून कधी आतडेच सडू लागते. 'एन.ई.सी.' नावाच्या या आजारात शस्त्रक्रिया करूनही अनेक बाळे हाती लागत नाहीत. म्हणून उपकारक जिवाणू, म्हणजेच प्रोबायोटिक, दुधातून देण्याचा उपाय पुढे आला.

उपाय पोकळ नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १,०९९ बाळांवर झालेल्या चाचणीत (२०१३) या आजाराचे प्रमाण शेकडा ४.४ वरून २ वर आले. इंग्लंडमध्ये मात्र तेराशेवर बाळांना घेऊन झालेल्या चाचणीत (२०१६) फायदा दिसला नाही. तेथे जिवाणू निराळा होता. विरजण बदलले की दही बदलणारच.

दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. २०१४ साली अमेरिकेत अशा एका भुकटीत बुरशी निघाली आणि ती दिलेले बाळ दगावले. २०२३ मध्ये, जन्मतः किलोपेक्षाही कमी वजनाच्या एका बाळाच्या रक्तात प्रोबायोटिकमधलेच जिवाणू पसरले, तेही गेले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना बजावले, की या बाळांसाठी औषध म्हणून मंजूर झालेले असे एकही उत्पादन नाही. यावर काही डॉक्टरांनी विचारले, 'उपाय थांबवल्याने एन.ई.सी.ने जी बाळे जातील, त्यांचे काय?' हा प्रश्नही खोटा नाही.

माझे मत असे : सरसकट बंदी नको आणि सरसकट वाटपही नको. आपल्याकडे अशा अनेक पुड्या पूरक अन्न म्हणून विकल्या जातात. मोठ्यांना चालणारी ती मोजपट्टी या बाळांना लावू नये. प्रत्येक खेपेची औषधासारखी तपासणी व्हावी. चाचणीत उतरलेलाच जिवाणू वापरावा. आणि रक्तात संसर्ग झाल्यास तो ओळखण्याची सोय असेल, तेथेच तो द्यावा.

त्याही आधी आईचे दूध. त्यातील काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या उपकारक जिवाणूंचे अन्न असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये प्रोबायोटिकचा विचार करता येईल असे म्हटले, ते आईचे वा दात्या मातेचे दूध मिळणाऱ्या बाळांपुरते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. अशा पेढ्या जिल्ह्याजिल्ह्यांत हव्यात.

काचेपलीकडे उभी असलेली आई विचारते, 'डॉक्टर, त्या थेंबात काय आहे?' तिला नेमके उत्तर देता येत असेल, तरच तो थेंब बाळाच्या ओठी जावा.