लेप्रेकॉनची भीती कुठे हरवली? ‘डार्बी ओ’गिल’ आणि आयरिश लोकश्रद्धा

‘डार्बी ओ’गिल अँड द लिटल पीपल’ हा डिस्नेचा १९५९ सालचा चित्रपट आज बहुतेकांना शॉन कॉनरीमुळे ठाऊक असतो. ‘डॉ. नो’च्या तीन वर्षे आधीचा हा कॉनरी इथे चक्क गातो. पण इतिहासाच्या वाचकाने लक्ष द्यावे ते त्या बुटक्या राजा ब्रायनकडे, ज्याचे आभार मानूनच चित्रपट सुरू होतो.

कथा साधी आहे. जमीनदाराच्या इस्टेटीवरचा म्हातारा रखवालदार डार्बी. त्याच्या जागी डब्लिनहून येणारा तरुण मायकेल. डार्बीची मुलगी केटी. त्या दोघांचे प्रेम जुळत असताना डार्बी लेप्रेकॉनांच्या राजाला गावठी दारू पाजून पहाटेपर्यंत गुंतवतो, पकडतो आणि तीन वर पदरात पाडून घेतो.

या चित्रपटाच्या तयारीसाठी वॉल्ट डिस्ने १९४६ साली आयर्लंडला गेले आणि तिथल्या लोकसाहित्य आयोगाला भेटले. हा आयोग १९३५ साली स्थापन झाला होता. १९३७ ते १९३९ या काळात त्याने शाळकरी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून कथा, उपचार, समजुती लिहून आणायला लावल्या. सुमारे ५,००० शाळांतून लाखो पाने जमली. अशा आयोगाचे संचालक जेम्स डेलार्गी यांना लेप्रेकॉनवर चित्रपट नकोच होता. त्यांनी डिस्नेला प्राचीन वीरगाथांकडे वळवण्याचा प्रयत्न केला. दारुडा, बोलघेवडा, भोळसट आयरिश माणूस इंग्रजी रंगभूमीने पिढ्यान्‌पिढ्या नाचवला होता. १९२२ साली जन्मलेल्या राष्ट्राला तो पुन्हा पडद्यावर नको असणे स्वाभाविकच.

डेलार्गींची चिंता रास्त होती. उपाय मात्र चुकीचा. लेप्रेकॉन काही अमेरिकेने घडवलेला नाही. फर्गस मॅक लेटी या राजाच्या मध्ययुगीन कथेत ‘लुखोरपान’ नावाचे बुटके जीव झोपलेल्या राजाला समुद्रात ओढून नेऊ पाहतात. जाग आलेला राजा त्यांना पकडतो आणि सुटकेच्या बदल्यात पाण्याखाली वावरण्याची विद्या मिळवतो. पकडणे, सौदा करणे, वर मागणे: सारे तिथेच आहे. नाही तो फक्त गोंडसपणा.

हा गोंडसपणा किती महागात पडतो, हे १८९५ सालच्या एका घटनेवरून कळते. त्या मार्च महिन्यात टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुण स्त्री आजारी पडली. खरी ब्रिजेट ‘त्या लोकांनी’ पळवली असून अंथरुणावर भलतेच कुणी पडले आहे, अशी नवऱ्याची समजूत झाली. नातेवाइकांच्या देखत त्याने तिला जाळले. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २० वर्षांची शिक्षा झाली आणि आयरिश स्वराज्याच्या विरोधकांना आयता मुद्दा मिळाला: असे लोक स्वतःचे राज्य काय चालवणार! पुढच्या आठच वर्षांत, १९०३ साली, हर्मिनी टेम्पलटन यांच्या डार्बीच्या हसऱ्या कथा पुस्तकरूपाने आल्या. चित्रपट बेतला आहे तो त्यांवर.

म्हणूनच चित्रपटाचा उत्तम भाग म्हणजे शेवटचा अर्धा तास. केटी डोंगरात पडते, तापाने फणफणते. बॅन्शीचा आक्रोश ऐकू येतो आणि मस्तक नसलेल्या सारथ्याची मृत्यूची गाडी आकाशातून उतरते. डार्बी आपला अखेरचा वर ‘तिच्याऐवजी मला ने’ असा मागतो. मग गाडीत शेजारी बसलेला ब्रायन त्याच्या तोंडून गोडीगुलाबीने चौथी इच्छा वदवून घेतो. चौथी मागितली की वर रद्द, हा नियम! तंत्र जुने झाले तरी इथे काळजात धस्स होते. लोककथेतली मूळ भीती डिस्नेला पूर्णपणे पुसता आली नाही, हे या चित्रपटाचे भाग्यच.

पुसला गेला तो जमीनदार. पडद्यावरचे लॉर्ड फिट्झपॅट्रिक इतके दयाळू, की डार्बीला अर्ध्या पगारावर निवृत्त करून राहायला बिनभाड्याचे घर देतात. याच आयर्लंडात १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच परदेशी गेली, आणि १८७९ साली कुळांनी खंड व बेदखलीविरुद्ध जमिनीचा लढा उभारला. डिस्ने यांचे पणजोबाही दुष्काळाआधी, १८३४ साली, आयर्लंड सोडून गेलेले. पणतवाने उभारलेले हिरवेगार गाव मात्र कॅलिफोर्नियातले. त्यामागच्या कित्येक टेकड्या पीटर एलनशॉ यांनी काचेवर रंगवलेल्या.