मंडळी मुकी का?

‘लॅटिन वृंदगान परके, खेड्यात ते कशाला?’ असे म्हणणारे आमचे काही बंधू मिस्साच्या वेळी ध्वनिमुद्रित गीते लावतात. हे कसले स्वदेशीपण? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ग्रेगरियन गायनाला मानाचे स्थान दिले, बहुस्वरी गायन राखले आणि आपल्यासारख्या देशांतील लोकसंगीतालाही पूजेत जागा दिली. ध्वनिमुद्रणाने मात्र तिन्ही मुकी होतात. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरात मुक्कामी येते. शतकांपूर्वीचे अभंग वारकरी स्वतःच्या कंठाने गातात. जुने म्हणून टाकत नाहीत, यंत्रावर सोपवीत नाहीत. मग आपणच का मुके राहावे? ‘किरिये’ असो वा ओवी, अनेक कंठ एक होताना उसळणारा आनंद हीच प्रार्थना आहे. तेव्हा बंधूंनो, यंत्र बंद करा. गायकवृंद उभा करा.