दुसऱ्याच्या सतरंजीवर पाय

फुलंब्रीत सकाळच्या योगवर्गाला गर्दी होते, याचा मला आनंद आहे. त्या गर्दीत जे चालतं त्याची चीड येते, आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

पंख्याखालची जागा एसटीतल्या सीटसारखी रुमाल टाकून धरलेली असते. पुढची रांग ओळखीपाळखीच्या लोकांची. धारा काढून, भाकरी थापून धावतपळत आलेल्या बाया मागे चपलांच्या ढिगाशेजारी सतरंजी अंथरतात. शिकवणारा तिथून दिसत नाही, त्याचा आवाजही पोहोचत नाही. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाईने पुढे किती वाकायचं, हे तिला कोण सांगणार? उशिरा आलेला गडी तिच्या सतरंजीवर पाय देऊन पुढे जातो आणि वळूनही बघत नाही. वर हेच लोक चहाच्या टपरीवर योगाची थोरवी सांगतात.

पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं आहे. त्याआधी यम आणि नियम येतात. यमांत अहिंसा आहे, अस्तेय आहे, अपरिग्रह आहे. दुसऱ्याची जागा बळकावणं ही चोरी आहे. दोन माणसांच्या जागेत एकट्याने चटई, पिशवी, बाटली मांडून बसणं हा परिग्रह आहे. हे करणाऱ्याचं डोकं गुडघ्याला टेकलं म्हणून मी त्याला साधक म्हणणार नाही.

स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत अतिबडबड आहे आणि लोकांची संगतही आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासासाठी निवांत जागा सांगितली. पण दोन खोल्यांत सहा-सात माणसं राहतात, त्या घरातल्या बाईने एकांत कुठून आणायचा? तिच्यासाठी हा हॉलच एकांत आहे. तो फोनवर बाजारभाव विचारून मोडायचा अधिकार कुणालाच नाही. शवासन सुरू होताच चटया गुंडाळून दारात गाडीला किक मारणाऱ्यांनाही नाही. पडून राहण्याची ती पाच मिनिटं कित्येक बायांना दिवसभरात दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

शिकवणाऱ्यांनाही सोडणार नाही. न विचारता पाठीवर दाब देणं, आखडलेला गुडघा ओढणं, बाईच्या अंगाला परवानगीशिवाय हात लावणं, याला मी शिकवणं म्हणत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि पुढे तिथेच त्यांनी दोर, पट्टे, घोंगड्या, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन आजारी, ताठरलेल्या शरीरांनाही आसनं शक्य करून दाखवली. आपल्याकडे चादरीची घडी आणि घरातला पाट तर आहे ना? मग गुडघा दुखणाऱ्या आजीला सगळ्यांसमोर ‘जमत नसेल तर बसून राहा’ असं का सुनावलं जातं?

२१ जूनचं तर बोलायलाच नको. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी हा योगदिन ठरवला, २०१५ पासून तो जगभर होतो. आपल्याकडे तेव्हा पेरणीची घाई असते. पाऊस झाला असेल तर कापूस-मक्याचं बी घेऊन निम्मा तालुका वावरात असतो. मैदानावर उरतात रांगेत उभी केलेली शाळेची पोरं आणि मंचाकडे तोंड करून फोटो काढून घेणारे. श्वास आत घ्यायचा तेव्हा यांची नजर कॅमेऱ्यावर. हा दिवस गावासाठी असेल तर वेळ आणि जागा पेरणाऱ्यांना विचारून ठरवा.

वर्गात काय हवं ते स्पष्ट सांगतो. पुढची रांग कंबर-गुडघे दुखणाऱ्यांची आणि कमी ऐकू येणाऱ्यांची. रुमालाने धरलेली जागा रिकामीच समजायची. फोन बंद करून दारातल्या टेबलावर. लवकर निघायचं असेल त्याने दाराजवळ बसायचं आणि शवासनाआधीच उठायचं. हात लावण्याआधी विचारायचं, आणि ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबायचं. ज्याला हे जाचक वाटत असेल त्याने घरी करावं. त्याच्याकडे तेवढी जागा आहे, मागच्या रांगेतल्या बाईकडे नाही.