बाचानची वही



दर रविवारी सकाळी आमच्या घरी जो गोंधळ असतो, तो तुमच्याकडेही असणार. एक बूट सापडत नाही, गृहपाठाची वही गाडीतच राहिलेली असते, आणि चिरंजीवांचा ठरलेला प्रश्न येतो, "सगळे मित्र खेळायला जातात, मग मीच का मराठी शाळेत जायचं?" "आजीशी बोलता यावं म्हणून", "मोठेपणी कळेल", ही आमची उत्तरं खरं तर आमची आम्हालाच फारशी पटत नव्हती. पटणारं उत्तर मिळालं ते शेजारच्या घरातून, एका जपानी आजींकडून.

सॅन होजेत येऊन सहा वर्षं झाली तरी या आजींशी आमचं "हॅलो"च्या पुढे बोलणं नव्हतं. सुट्टी आली की आपण तीस मैलांवरच्या मराठी मित्रांकडे जातो, पण कुंपणापलीकडे कोण राहतं हे आपल्याला ठाऊक नसतं. एका नोव्हेंबरात आजींनी पिशवीभर केशरी फळं आणून दिली. आम्हाला वाटलं टोमॅटो, आणि घरात साराची तयारीही सुरू झाली! दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "अहो, ही काकी." पर्सिमनला जपानीत काकी म्हणतात. मुलं खो खो हसायला लागली. आमच्यात काकी म्हणजे कोण हे सांगितल्यावर आजीही हसल्या. म्हणाल्या, "मग मला बाचान म्हणा. बाचान म्हणजे आजी."

त्या डिसेंबरात बाचान आम्हाला जपानटाउनमध्ये मोची कुटायला घेऊन गेल्या. वाफवलेला चिकट तांदूळ मोठ्या उखळात घालून लाकडी हातोड्याने कुटतात. आमच्या मुलांनी उखळ पहिल्यांदा पाहिलं ते असं, सॅन होजेत!

एका रविवारी त्यांनी विचारलं, "दर आठवड्याला कुठे जाता?" आम्ही मराठी शाळेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीही अशाच शाळेत जायचे. मला मुळीच आवडत नसे." मग पुढची गोष्ट सांगितली.

मुलांनो, हे तुमच्यासाठी. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा बाचान सहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या जपानी शाळेच्या मास्तरांना पकडून नेलं आणि शाळा बंद झाली. घरातली जपानी पुस्तकं आणि पत्रं वडिलांनी भीतीपोटी परसात जाळली. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. आपल्या भागातल्या कुटुंबांची नोंदणी सॅन होजे स्टेटच्या व्यायामशाळेत झाली. बाचानचं कुटुंब आधी सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यात राहिलं. तिथून वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत. तारेच्या कुंपणामागे दहा हजारांवर माणसं होती.

१९८८ साली कायदा करून सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. भाषा मात्र परत मिळाली नाही. युद्ध संपल्यावर आईवडिलांनी मुलांना एकच सांगितलं, इंग्रजीच बोला, उठून दिसू नका.

बाचानने कपाटातून एक वही काढली. त्यांच्या आईने छावणीत लिहिलेली. चिरंजीवांनी विचारलं, "यात काय लिहिलंय?" त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. माझं नाव मात्र शोधता येतं. बघ, या पानावर आहे."

आम्ही संगणकवाली माणसं. लगेच फोनने पानाचा फोटो काढून भाषांतर करून दाखवलं. थंडीबद्दल दोन-तीन तुटक वाक्यं आली. बाचानने ती वाचली आणि म्हणाल्या, "माझी आई असं बोलत नसे." त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. "आता फोन सगळं भाषांतर करतो, मग शिकायचं कशाला?" असं म्हणणाऱ्या पालकांत आम्हीही होतो.

जपानी लोक इथे स्थायिक झालेल्या पहिल्या पिढीला इस्सेई म्हणतात आणि त्यांच्या मुलांना निसेई. त्या हिशेबाने आम्ही इस्सेई आणि तुम्ही मुलं निसेई. बाचानही निसेईच. त्यांची भाषा भीतीमुळे गेली. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही. कुणी शाळा बंद केलेली नाही, कुणी पुस्तकं जाळायला लावलेली नाहीत. तरीही घरात आपण इंग्रजीत बोलतो, कारण ते पटकन होतं. आम्ही एक आठवडा लक्ष ठेवून पाहिलं, तर असं दिसलं की रागावतो मराठीत आणि कौतुक करतो इंग्रजीत. मग मुलांना मराठी का आवडावी?

म्हणून आमचं मत असं की शाळेच्या दोन तासांवर सगळा भार टाकू नये. गोडीगुलाबीचं बोलणं घरी मराठीत व्हावं. मुलांनी दर आठवड्याला आजी-आजोबांना हाताने चार ओळी लिहाव्यात आणि त्यांच्याकडूनही हाताने लिहिलेल्या चार ओळी मागवाव्यात. आणखी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला प्रत्येक कुटुंबाने एक अमराठी शेजारी घेऊन यावा. आपली शाळा कशासाठी आहे हे आम्हाला बाहेरच्या माणसाने सांगितलं. कदाचित तुमच्या कुंपणापलीकडेही कुणी असेल.

बाचानना आम्ही आमंत्रण दिलं आहे. चिरंजीव त्यांचं नाव देवनागरीत लिहून देणार आहेत. बूट अजूनही सापडत नाही, पण हल्ली तो प्रश्न येत नाही.

आपलं मत जरूर कळवा. चूकभूल द्यावी घ्यावी.

— एक पालक