घडीतली ओवाळणी

ओवाळणीच्या ताटात आता नोटेऐवजी गिफ्ट कार्डही पडू लागलं आहे. पण दुकानातल्या गुळगुळीत पाकिटातच ते दिलेलं मला रुचत नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच. त्यांचा जाड कागद कार्डासाठी घरीच खिसा बनवायला उत्तम. कार्ड असतं साधारण ८.५ बाय ५.४ सेंटिमीटरचं, एटीएम कार्डाएवढं. खिसा अर्धा सेंटिमीटर सैल ठेवा. कागद हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्याच बाजूने घडी घाला, नाहीतर कडेला पापुद्रे सुटतात. त्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीलगत रेघ दाबून घ्या. गोंदाचा थर पातळच, नाहीतर कागद फुगतो. वर आहेराच्या पाकिटासारखा एक रुपया चिकटवा. आणि आत बहिणीसाठी चार ओळी, तुमच्याच अक्षरात.